वासराचे वजन आणि मुलाचे वय

घरातील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने लोखंडी डंबेल्सची मागणी केली, की बहुतेक सुशिक्षित कुटुंबांत दोन पक्ष पडतात. आजीचा पक्ष म्हणतो, एवढ्या कोवळ्या वयात वजने उचलली तर पोराची उंची खुंटेल. मुलाचा पक्ष म्हणतो, शेजारचा मुलगा वीस किलो उचलतो, मग आपल्याला काय झाले? या दोन्ही पक्षांच्या मुळाशी एकच समजूत आहे. ती ही की, वजनाच्या व्यायामात खरा प्रश्न ‘किती?’ हाच होय. इतिहास पाहू गेल्यास मात्र असे दिसते की, ज्यांनी या विद्येचा नीट विचार केला त्यांनी ‘किती’ यापेक्षा ‘वाढवावयाचे कसे’ आणि ‘कोणकोणत्या अंगांसाठी’ या दोन प्रश्नांना अधिक जपले. ही गोष्ट मनुष्याने एकदा शिकून कायमची लक्षात ठेवली असे मात्र झालेले नाही. ती पुनःपुन्हा हातची गेली व पुनःपुन्हा शोधावी लागली.

कथेचा आरंभ दक्षिण इटलीतील क्रोटोन या ग्रीक वसाहतीत होतो. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात तेथे मिलो नावाचा मल्ल होऊन गेला. ऑलिंपियाच्या सामन्यांत त्याने सहा वेळा कुस्ती जिंकली, आणि त्यांतील पहिला विजय, ख्रिस्तपूर्व ५४० च्या सुमाराचा, कुमारांच्या गटातला होता. त्याच्याविषयी अशी आख्यायिका आहे की, त्याने एक लहान वासरू रोज खांद्यावर घेऊन चालण्याचा क्रम ठेवला. वासरू वाढत गेले तसे मिलोचे बळ वाढत गेले, आणि अखेर तो पुरा वाढलेला बैल उचलू लागला. क्रमाक्रमाने भार वाढविण्याच्या तत्त्वाचे उदाहरण म्हणून ही गोष्ट आजही व्यायामशाळांतून सांगितली जाते. गोष्ट गोड आहे, पण हिशेबाला ती टिकत नाही. वासराचे वजन वर्षभरात कैक पटींनी वाढते. मनुष्याचे बळ त्या वेगाने वाढत नाही. शिवाय मुलाला ताप आला, परीक्षा आली, पाय मुरगळला, म्हणून वासरू काही वाढावयाचे थांबत नाही. येथे भार किती वाढावा हे मुलगा ठरवीत नाही, त्याचा गुरूही ठरवीत नाही. ते वासरू ठरविते. कुमारवयीन मुलांच्या व्यायामात पुढे जे जे अनर्थ झाले, त्यांतील पुष्कळांचे मूळ या एका वाक्यात सापडेल.

मिलोवर कडक टीका एका वैद्याने केली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. गेलेन हा इ. स. १२९ मध्ये पर्गामोन येथे जन्मला, आणि तरुणपणी तेथील द्वंद्वयोद्ध्यांचा वैद्य म्हणून त्याने जखमा व मोडलेली हाडे पुष्कळ पाहिली. मिलो सबंध बैल खांद्यावर घेऊन मैदानाभोवती फिरला याचे लोकांना केवढे कौतुक! गेलेन म्हणतो की, तोच बैल जिवंत असता तेच धूड सहज वाहून नेत होता, आणि त्याबद्दल त्याला कोणी शहाणा म्हटले नाही. परंतु हा वैद्य व्यायामाचा वैरी नव्हता. आरोग्यरक्षणावरील आपल्या मोठ्या ग्रंथात त्याने बळाचे व्यायाम, चपळाईचे व्यायाम आणि ज्यांत दोहोंचा मिलाफ होतो असे जोरकस व्यायाम, असे वर्ग पाडले. हातात धरावयाच्या वजनांना ग्रीक लोक ‘हाल्तेरेस’ म्हणत. ती मुळात लांब उडी मारताना हातांत धरावयाची दगडी वा धातूची वजने. गेलेनने त्यांचा एक व्यायाम सांगितला आहे. दोन वजने वावभर अंतरावर ठेवावीत, मध्ये उभे राहावे, वाकून उजव्या हाताने डावीकडचे व डाव्या हाताने उजवीकडचे उचलावे आणि पुन्हा जागच्या जागी ठेवावे. यात भार थोडा, पण कंबर, पाठ, खांदे आणि पाय एकाच वेळी कामास लागतात. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीची ही योजना आजच्या शिक्षकानेही मुलाला द्यावी, इतकी ती सर्वांगाचा विचार करणारी आहे.

मधली शतके येथे झपाट्याने ओलांडण्यास हरकत नाही. इटालियन वैद्य मर्क्युरिआलिस याने १५६९ मध्ये व्हेनिस येथे व्यायामकलेवर ग्रंथ प्रसिद्ध करून ग्रीक-रोमन ज्ञान पुन्हा उजेडात आणले. इंग्लंडात १७११ मध्ये ॲडिसनने ‘स्पेक्टेटर’ पत्रातून मुक्या घंटेच्या, म्हणजे डंबेलच्या, व्यायामाचा उल्लेख केला. हिंदुस्थानातील मुद्गल इंग्रज लष्करी लोकांनी येथे पाहिले, आणि डोनाल्ड वॉकरच्या १८३४ च्या पुस्तकातून ते ‘इंडियन क्लब’ या नावाने लंडनच्या दिवाणखान्यांत पोहोचले. आपल्या तालमीतील वस्तूने असा परदेशप्रवास केला, याचा अभिमान वाटणे साहजिक आहे.

यानंतर अमेरिकेतील बोस्टन शहराकडे वळले पाहिजे, कारण या विषयातील सर्वांत बोधप्रद झगडा तेथे झाला. जॉर्ज विन्शिप हा मुलगा १८५० मध्ये सोळाव्या वर्षी हार्वर्डमध्ये दाखल झाला, तेव्हा त्याची उंची अवघी पाच फूट व वजन सुमारे शंभर पौंड होते. दांडग्या सोबत्यांनी त्याची थट्टा केली. तेव्हा तो व्यायामशाळेत जाऊ लागला, आणि हळूहळू त्याला वजनांचे वेड लागले. पुढे तो वैद्यकीचा पदवीधर झाला. दवाखान्यालगतच त्याने व्यायामशाळा थाटली, आणि बळ हेच आरोग्य असे ब्रीद घेऊन तो गावोगाव व्याख्याने देऊ लागला. खांद्यावर जू घेऊन दोन हजार पौंडांहून अधिक भार तो जमिनीपासून किंचित वर उचलीत असे. प्रेक्षक थक्क होत. पण भार वर येई तो काही बोटेच. एकच हालचाल, तीही अपुरी, आणि तिच्यापायी वर्षानुवर्षांची तपश्चर्या! खांद्यांचे फिरणे, हातांचे ओढणे, बैठकीचे पूर्ण खाली जाणे यांना त्या योजनेत गौण स्थान मिळाले.

याच शहरात डिओ लुइस नावाचे दुसरे गृहस्थ नेमके उलट सांगत होते. त्यांनी लोखंडाऐवजी लाकडी डंबेल्स आणली, कड्या आणल्या, धान्याच्या पिशव्या झेलावयास लावल्या, आणि हे सर्व वाद्याच्या तालावर मुले, स्त्रिया व वृद्ध यांच्याकडून करविले. त्यांचे पुस्तक १८६२ मध्ये निघाले. १८७६ मध्ये विन्शिप ४२ व्या वर्षी मस्तकातील आघाताने वारला, आणि लोकांनी तत्काळ निकाल दिला: जड वजनांनी माणूस मरतो. एका माणसाच्या मरणावरून काढलेला हा निष्कर्ष शास्त्राला धरून नव्हता. परंतु अशा निष्कर्षांना आयुष्य फार असते. जड वजनांविषयी पालकांच्या मनात जी भीती आहे, तिच्या अनेक मुळ्यांपैकी एक या घटनेपर्यंत जाते. लुइसच्या पद्धतीतही उणीव होतीच. लाकडी डंबेल कायम लाकडीच राहते. ज्या मुलाचे बळ वाढले त्याला पुढची पायरी तेथे नव्हती. म्हणजे एकीकडे नुसता भार, दुसरीकडे नुसता तोल!

या दोहोंची सांगड घालण्याचा मान, निदान कागदावर, युजेन सँडोला द्यावा लागेल. मूळचा कोनिग्सबर्गचा हा जर्मन १८९७ मध्ये लंडनला व्यायामसंस्था काढून बसला, आणि त्याच वर्षाच्या त्याच्या पुस्तकात वयोगटांप्रमाणे तक्ते होते: कोणत्या वयात केवढी डंबेल्स, कोणता प्रकार किती वेळा, आणि संख्या कशी वाढवावी. मुलाच्या हाती योजना लिहून देण्याची ही प्रथा पुढे सर्वत्र रूढ झाली. सँडो १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानातही येऊन गेला. मात्र एवढे म्हणणे भाग आहे की, हलक्या डंबेल्सची जाहिरात करणाऱ्या या गृहस्थाने स्वतःचे शरीर जड वजनांनीच कमावले होते.

औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सँडोच्या पद्धतीने सुमारे दहा वर्षे नेमाने व्यायाम केला, आणि नंतर ते सूर्यनमस्कारांकडे वळले. पुढे संस्थानातील शाळांतून त्यांनी नमस्कार सुरू केले, हे श्रोत्यांना ठाऊक असेलच. या वळणाकडे केवळ स्वदेशाभिमान म्हणून पाहू नये. आपल्या परंपरेत लोखंडाऐवजी स्वतःचे शरीर हाच भार, आणि वजनाऐवजी संख्या हीच पायरी. नव्या मुलाला वस्ताद आज वीस जोर सांगतो, आठवड्याने पंचवीस. मुलाचा दम व हातांचा थरकाप पाहून आकडा वस्ताद ठरवितो. येथे वासराची सत्ता चालत नाही. एक उणीव मात्र जोर-बैठकांतही आहे. जोरात ढकलणे आहे, बैठकीत उठणे आहे. पण ओढणे नाही. ती उणीव मल्लखांबाने भरून निघते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ज्याचे पुनरुज्जीवन केले त्या मल्लखांबावर चढावयाचे म्हणजे पकड, दंड आणि पाठ यांना सारा देह ओढून घ्यावा लागतो. जोर, बैठक आणि मल्लखांब एकत्र धरले, तर तालमीची योजना समतोल ठरते. मल्लखांब काढून टाकला, की पाठ मागे पडते.

अमेरिकेत ॲलन कॅल्व्हर्ट याने १९०२ मध्ये फिलाडेल्फियात बारबेलचा कारखाना काढला आणि त्याला नाव दिले मिलोचे. गंमत अशी की, मिलोच्या वासराला जे साधले नाही तेच या वस्तूने साधले. दांड्याच्या टोकांच्या पोकळ गोळ्यांत छर्रे भरून वजन हवे तेवढेच कमी-अधिक करता येई. आता भार मनुष्याची वाट पाहू लागला.

त्याला शास्त्राची बैठक मिळाली ती दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. टॉमस डिलॉर्म सोळा वर्षांचा असताना संधिवाताच्या तापाने अंथरुणास खिळला होता. बरा झाल्यावर, श्रम टाळण्याचा सल्ला असतानाही, आगगाडीच्या चाकांची व मोडीची वजने करून त्याने शरीर घडविले. तोच पुढे डॉक्टर होऊन शिकागोच्या लष्करी रुग्णालयात गुडघे जायबंदी झालेल्या सैनिकांवर उपचार करू लागला, तेव्हा त्याने वजनांचाच उपाय योजिला व १९४५ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याचे माप साधे होते: रुग्णास नेमके दहा वेळा उचलता येईल ते वजन. आरंभी तो सत्तर ते शंभर आवर्तने करवी. १९४८ मध्ये वॉटकिन्स या सहकाऱ्यासह त्याने ती तीन फेऱ्यांवर आणली. पहिली फेरी त्या वजनाच्या निम्म्याने, दुसरी पाऊणपटीने, तिसरी पुऱ्या वजनाने, आणि आठवड्याने पुन्हा मोजदाद. आज जगभर चालणाऱ्या ‘दहाच्या तीन फेऱ्या’ येथून आल्या.

आता आजीच्या शंकेकडे. वाढत्या हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या चकत्या असतात व त्यांतून उंची वाढते. त्यांना इजा होऊ शकते, हे खरे. परंतु जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, योग्य भाराने केलेल्या व्यायामाने उंची खुंटल्याचे आढळलेले नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघाने १९८३ पासून या विषयावर वेळोवेळी मत दिले असून २०२० च्या निवेदनात त्याने अशा व्यायामास अनुकूलता दर्शविली आहे. जागतिक आरोग्य संघटनाही २०१० पासून ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे श्रम सुचविते. अपघात होतात ते प्रायः देखरेखीवाचून, चुकीच्या पद्धतीने उचलण्यात, आणि घरी बोटांवर वजन पडण्यात. उंचीला खरोखर धोका आहे तो बळवर्धक संप्रेरकांच्या गोळ्या व सुया यांपासून. त्या हाडांच्या चकत्या अकाली मिटवून टाकतात. ज्या घरात डंबेलला बंदी आहे, त्याच घरातील मुलगा ओळखीच्या माणसाकडून असले ‘टॉनिक’ आणीत नाही ना, याची चौकशी आधी व्हावी.

मग नवशिक्या मुलाची योजना कशी? आठवड्यात तीन दिवस, आणि तेही लागोपाठ नव्हेत: सोमवार, बुधवार, शुक्रवार. आरंभी पाच-दहा मिनिटे अंग गरम करणे. नंतर एक बैठकीचा प्रकार, एक कमरेतून वाकून उचलण्याचा, एक ढकलण्याचा, एक ओढण्याचा, एक डोक्यावर भार नेण्याचा, आणि एक पोट-पाठ स्थिर ठेवण्याचा; एवढ्यात सर्व शरीर येते. आरशात दिसणाऱ्या दंड-छातीसाठी मुले तासन् तास देतात आणि न दिसणारी पाठ विसरतात. म्हणून ढकलण्याइतकेच ओढणे झाले पाहिजे. पहिले काही आठवडे हात रिकामा किंवा नुसता दांडा, कारण प्रथम शिकावयाची ती रीत. पुढे आठ ते पंधरा आवर्तने जमतील इतकाच भार, एक-दोन फेऱ्या. एकदाच कसाबसा उचलता येईल असा भार या वयात आजमावू नये. थकवा आला तर चालेल. सांध्यात कळ आली तर त्या दिवशी काम बंद. झोप आठ ते दहा तास, आणि वही एक, जीत तारीख, भार व आवर्तने लिहिली जातील.

भार वाढवावयाचा तो पाच ते दहा टक्क्यांनी. बाजारातील डंबेल्स पुष्कळदा अडीच किलोंच्या पायऱ्यांनी मिळतात. पाचावरून साडेसातावर जाणे म्हणजे एकदम निम्म्याची वाढ, म्हणजे पुन्हा ते वासरूच. त्यापेक्षा दांड्यावर चढविता येणाऱ्या अर्ध्या किलोच्या लहान चकत्या घ्याव्यात, आणि पंधरा आवर्तने दोन दिवस निर्दोष झाली, की दोन्ही हातांच्या दांड्यांवर एकेक चढवावी.