तहिना : तिळाच्या वाटणाची कुळकथा



वसंतातल्या या व्याख्यानांतून आपण राजवंशांचा, लढायांचा आणि साधुसंतांचा इतिहास ऐकत आला आहात. आज मी आपल्यापुढे एका वाटणाचा इतिहास ठेवणार आहे. विषय ऐकून काहींना हसू येईल. परंतु माझी शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात झाले आणि उमेदीची वर्षे कामगार संघटनेच्या कामात गेली. अशा माणसाला एक खोड लागते. कोणत्याही युगाचे वैभव त्याला सांगा, तो आधी हजेरीपट आणि मजुरीचा हिशेब मागतो. आज आपण एका वाटीचा हिशेब तसाच तपासू.

तहिना म्हणजे काय, हे प्रथम सांगतो. तीळ सोलायचे, भाजायचे आणि जात्यात इतके बारीक दळायचे, की त्यांचे स्वतःचेच तेल सुटून मधासारखे ओघळणारे वाटण तयार व्हावे. पॅलेस्टाइन, लेबनॉन, सीरिया या मुलखांत हे रोजच्या जेवणातले अन्न आहे. त्यात लिंबाचा रस, लसूण, मीठ आणि पाणी घालून जे कालवण करतात, त्याला तरातूर म्हणतात. हेच कालवण अलीकडे आपल्याकडील मोठ्या शहरांच्या उपाहारगृहांत काकडी-टोमॅटोच्या कच्च्या कोशिंबिरीवर घालून देतात आणि त्याचे दामही चांगले घेतात. दूध, दही, तूप, अंडी, मध यांपैकी प्राण्यांपासून मिळणारे काहीही न खाणारे जे 'व्हीगन' लोक आहेत, त्यांना ते विशेष प्रिय आहे. 'व्हीगन' हा शब्दही काही सरदार-दरकदारांनी घडवलेला नाही. 1944 साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन नावाच्या सुतारकामाच्या शिक्षकाने आणि त्याच्या थोड्या सोबत्यांनी तो रूढ केला. तेव्हा, हे खाणे म्हणजे श्रीमंतांचे नवे खूळ, असा जो समज आहे तो खरा नाही. ज्यांच्या ताटात मांस आणि लोणी सहज येत नव्हते, अशा कष्टकऱ्यांचे आणि व्रतस्थांचे हे जुने अन्न आहे. त्यात ज्याची विस्मृती होते, ती म्हणजे दळणाऱ्याची मेहनत. हेच मला आज सांगावयाचे आहे.

नावांपासूनच आरंभ करू. संस्कृतात 'तिल' यापासून 'तैल' झाले आणि त्याचे आपण 'तेल' केले. म्हणजे करडईचे तेल, खोबऱ्याचे तेल, इतकेच काय यंत्रात घालावयाचे तेल, असे म्हणताना दर वेळी आपण नकळत तिळाचेच नाव घेत असतो. अरबी भाषेत दळणे या अर्थी 'तहन' हा धातू आहे आणि 'तहिना' म्हणजे दळलेले. आपण नाव ठेवले ते बियावरून, अरबांनी ठेवले ते श्रमावरून.

तिळाचे मूळ घर हिंदुस्थान, असे आज वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. त्याचा रानटी भाऊबंद आपल्याच देशात उगवतो. हडप्पा येथील उत्खननात जळून कोळसा झालेल्या तिळांचा गोळा सापडला. येथून हे बी पश्चिमेकडे गेले आणि तैग्रिस-युफ्रेटिस नद्यांच्या खोऱ्यात रुजले. तेथील अक्कादी भाषेत त्याला 'शमश्शम्मू' म्हणत. त्याच्याच घराण्यातल्या शब्दावरून ग्रीकांचे 'सेसामोन' आणि त्यावरून इंग्रजांचे 'सेसमी' आले. जुन्या मातीच्या विटांवरील लेखांत ज्या तेलबीचा उल्लेख आहे ती तीळ की जवस, यावर पंडितांचा पुष्कळ वाद झाला. शेवटी पारडे तिळाच्या बाजूने झुकले. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस तर स्पष्टच लिहितो, की बाबिलोनचे लोक तिळाच्या तेलावाचून दुसरे तेल वापरीत नाहीत.

या विटांवर मजुरांचा हजेरीपट आहे. इसवी सनापूर्वी सुमारे 2100 ते 2000 या काळात, ऊर येथील तिसऱ्या राजघराण्याच्या अमलात, देवळांच्या आणि राजाच्या कोठारांतून हजारो मजुरांना शिधा मिळे. त्यांत विणकाम करणाऱ्या आणि धान्य दळणाऱ्या स्त्रिया पुष्कळ होत्या. शिधा तीन गोष्टींचा असे : जव, तेल आणि लोकर. सामान्यतः पुरुषास महिन्याला 60 सिला जव आणि स्त्रीस 30 सिला. सिला हे साधारण एका लिटराचे माप होते. चार हजार वर्षांपूर्वीच्या हिशेबातही बाईच्या वाट्याला निम्मे! हा भेद किती जुना आहे, हे ज्यांना वेतनाच्या वाटाघाटींना बसावे लागते त्यांनी ध्यानात ठेवावे. पण दुसरीही एक गोष्ट पाहा. नुसत्या जवावर माणूस राबू शकत नाही, त्याला स्निग्ध पदार्थ लागतो, हे त्या कारभाऱ्यांनाही कळत होते. तेल ही चैन नव्हती. ते मजुरीचाच भाग होते.

हम्मुराबीच्या प्रसिद्ध कायद्यातही तीळ आहे. कोणी व्यापाऱ्याकडून रुपे कर्जाऊ घेतले आणि जवाचे किंवा तिळाचे शेत त्याला कसावयास लावून दिले, तरी सुगीचे पीक शेताच्या मालकाचेच राहावे. त्याने त्यातून व्यापाऱ्याला मुद्दल, व्याज आणि लागवडीचा खर्च द्यावा, असे तेथे म्हटले आहे. सावकाराने उभे पीक परस्पर उचलून नेऊ नये, हा त्यातला हेतू. आपल्याकडील सावकारी ज्यांनी पाहिली, त्यांना याचा अर्थ वेगळा समजावून देण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष कारखानाही सापडला आहे. आर्मेनियात येरेवान शहराजवळ कारमीर ब्लूर नावाची टेकडी आहे. तेथे 1939 पासून रशियन संशोधक बोरिस पिओत्रोव्स्की यांनी उत्खनन केले. उरार्तू राज्याच्या, इसवी सनापूर्वी सातव्या शतकातील किल्ल्यात त्यांना तिळाचे तेल काढण्याची जागा मिळाली. दगडी कुंड, कुटण्याची साधने, तीळ आणि तेल काढून उरलेली पेंड, हे सर्व तेथे होते. किल्ल्याचा नाश झाला, राज्य बुडाले, पण कामकऱ्याने टाकलेली पेंड अडीच हजार वर्षे टिकली.

आता आपल्या दाराशी येऊ. नाशिकच्या पांडवलेण्यांत, ज्या डोंगराला पूर्वी त्रिरश्मी म्हणत, आभीर राजा ईश्वरसेन याच्या कारकीर्दीतला एक लेख आहे. काळ इसवी सनाचे तिसरे शतक. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी कायमची रक्कम ठेवली. ती तिने कोणाकडे ठेवली? राजाच्या खजिन्यात नाही. गोवर्धन येथील कारागिरांच्या श्रेणींकडे ठेवली आणि त्या श्रेणींत तिलपिषकांची एक श्रेणी आहे. तिलपिषक म्हणजे तीळ पिष्ट करणारा, ज्या 'पिष्ट'चे आपण 'पीठ' केले. मघाशी मी म्हटले, की नाव श्रमावरून ठेवले ते अरबांनी. त्याला येथे ही पुस्ती जोडली पाहिजे. आपल्याही पूर्वजांनी तीळ दळणाऱ्याला त्याच्या कामाचे नाव दिले होते. त्याहून मोठी गोष्ट अशी, की त्यांच्या संघटनेची पत एवढी होती, की आजाऱ्यांच्या औषधाचा पैसा पिढ्यान्पिढ्या त्यांच्या हाती सुरक्षित राहील असा भरवसा एका सुजाण स्त्रीला वाटला. उत्तर हिंदुस्थानात स्कंदगुप्ताच्या काळी, सुमारे 465 साली, इंद्रपूर येथील तेल्यांच्या श्रेणीकडे अशीच ठेव ठेवली गेली. तेथे सूर्यमंदिराच्या दिव्याला अखंड तेल द्यावयाचे होते. संघटना म्हणजे केवळ मागण्यांचे निवेदन नव्हे. लोक ज्याच्याकडे विश्वासाने ठेव ठेवतात, ते घर म्हणजे संघटना, हे या लेखांवरून मी शिकलो.

अरबांच्या राज्यात तीळ दरबारी स्वयंपाकघरातही पोहोचला. 1226 साली बगदादेत मुहम्मद बिन हसन याने पाककृतींचा ग्रंथ लिहिला. त्यात तिळाचे तेल जागोजागी येते. या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर आर्बेरी यांनी केले आणि ते 1939 साली छापले गेले ते आपल्या शेजारच्या हैदराबादेहून निघणाऱ्या 'इस्लामिक कल्चर' या त्रैमासिकात. पुढे इजिप्तमधील मध्ययुगीन पाकग्रंथांत हरभऱ्याच्या वाटणात तहिना, आंबट रस आणि मसाले घालण्याच्या कृती आढळतात. लिंबाचे मूळही आपल्या ईशान्येकडील प्रदेशात आणि त्याच्या शेजारी. तेही अरबांच्या हातून भूमध्य समुद्राकाठी गेले. म्हणजे वाटीतला तीळ आणि लिंबू दोन्ही पूर्वेकडून निघाले आणि पश्चिमेला जाऊन एकत्र आले!

ग्रीस आणि सायप्रस येथील जुन्या पंथाच्या ख्रिस्ती लोकांत ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासात मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. काही दिवशी तेलही चालत नाही. परंतु दळलेला तीळ चालतो. म्हणून कडक उपवासाच्या दिवशी तेथे तहिना आणि लिंबू यांचे सार करतात. ज्याला आज नवा आहार म्हणतात, तो तेथील गरिबांनी आणि मठवासीयांनी शतकानुशतके पाळलेला आहे.

आता कृती. पॅलेस्टाइनमधील नाब्लूस शहर साबणासाठी तसेच तहिन्यासाठी नावाजलेले आहे. तेथील जुन्या पद्धतीत तीळ भिजवून चोळतात आणि दाट मिठाच्या पाण्यात टाकतात. टरफले तळाशी बसतात, सोललेले तीळ वर तरंगतात. ते धुऊन, भट्टीत भाजून दगडी जात्यात दळतात. घरी इतका खटाटोप नको. सोललेले पांढरे तीळ एक वाटी घ्यावे, मंद आचेवर ढवळीत भाजावे, रंग चढू लागताच उतरवावे. जास्त भाजले की कडवटपणा येतो. गार झाल्यावर मिक्सरमध्ये घालावे. प्रथम कूट होईल. आपली गृहिणी येथेच थांबते, कारण चटणीला आणि कोशिंबिरीला कूटच हवे असते. तहिन्यासाठी थांबू नये. दोन-तीन चमचे तिळाचे तेल घालून, कडा खरवडीत फिरवत राहावे, म्हणजे कुटाचे वाटण होईल.

या वाटणाचे चार मोठे चमचे, दोन चमचे लिंबाचा रस, ठेचलेली लसणाची एक पाकळी आणि मीठ एकत्र करावे. येथे एक गंमत होते. रस पडताच वाटण पातळ होण्याऐवजी घट्ट होते, गोळा धरते. नवखा माणूस घाबरून ते टाकून देतो. वास्तविक तहिना म्हणजे तेलात विखुरलेले तिळाचे बारीक कण. थोडे पाणी आले, की ते कण पाणी शोषून एकमेकांना चिकटतात. आणखी गार पाणी चमच्याचमच्याने घालून घोटत राहिले, की सारा मांड उलटतो : आता पाण्यात तेलाचे सूक्ष्म थेंब तरंगू लागतात, कालवण सैल होते आणि रंग पांढराशुभ्र होतो. चार ते सहा चमचे पाणी पुरते. काकडी, टोमॅटो, मुळा, कोबी, उकडलेले बीट, कशावरही ते घालावे. दह्याची आठवण होणार नाही. तिळात वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असते आणि पाचव्या हिश्शाच्या जवळपास प्रथिने. शिवाय तेल खवट होऊ न देणारी द्रव्ये तिळात निसर्गतःच आहेत. म्हणून घट्ट झाकलेले तहिना पुष्कळ दिवस टिकते.

घरी दळण्याचे काम यंत्राने हलके केले, पण शेतातले काम हलके झालेले नाही. तिळाचे बोंड पिकले की आपोआप फुटते आणि दाणे मातीत सांडतात. 'तिळा तिळा दार उघड' या गोष्टीतल्या मंत्राचा उगम पुष्कळजण येथेच शोधतात. मंत्र चोरांना पावला. मजुराला मात्र बोंड फुटण्याच्या आत वाकून झाड कापावे लागते, पेंढ्या बांधून उभ्या कराव्या लागतात आणि वाळल्यावर उलट्या धरून झोडाव्या लागतात. 1943 साली व्हेनेझुएलात लँगहॅम या शास्त्रज्ञाला न फुटणाऱ्या बोंडाचा तीळ सापडला आणि यंत्राने कापणी करण्याची आशा निर्माण झाली. तरीही जगातला बहुतेक तीळ आजही माणसेच कापतात. सुदानमधील गदारिफ, इथिओपियातील हुमेरा या भागांत त्यासाठी हंगामी मजूर दुरून येतात, जसे आपल्याकडे ऊसतोडीचे मजूर घरदार पाठीवर घेऊन निघतात. बाटलीवर कारखान्याचे नाव असते, देशाचे नाव असते; कापणाऱ्याचे नाव कोठेच नसते.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की हे कालवण अवश्य करावे, ते स्वस्त आणि पौष्टिक आहे. आणि करताना दळणाऱ्याचा हिशेब विसरू नये. ऊरच्या कारभाऱ्याने मजुराच्या शिध्यात तेल लिहिले होते. आपण किमान वेतनाची चर्चा करतो तेव्हा मजुराच्या ताटात स्निग्ध पदार्थ किती, हा प्रश्न आपल्या कागदावर असतो का? नाशिकला जाणे झाले तर पांडवलेण्यांत तो ब्राह्मी लेख पाहून यावा. अक्षरे आपल्याला लागणार नाहीत, वाट दाखवणारा सोबत घ्यावा आणि त्याला विचारावे, की यात तिलपिषक कोठे लिहिले आहे. तेवढे बोट ठेवून पाहिले तरी जाणे सार्थकी लागेल.