फासा, बार आणि झोत

वऱ्हाडात दिवाळी येते ती ज्वारीच्या कणसांत दूध भरत असताना आणि कपाशीची पहिली बोंडे उकलत असताना. त्यामुळे आमच्या घरी दिवाळीचे दोन दिवे लागत. एक तुळशीपुढची पणती आणि दुसरा वावरातल्या माळ्यावरचा कंदील. पणती आजीच्या ताब्यात, कंदील आबाजींच्या. बायका-पोरी अंगणात फराळाला बसल्या की आबाजी घोंगडी खांद्यावर टाकून जागलीला निघत. मला नऊ-दहा वर्षे झाल्यावर मीही त्यांच्या मागे जाऊ लागलो. ही गोष्ट १९५८ सालच्या सुमाराची.

आमचे गाव बुलढाणा जिल्ह्यात, राजूर घाट उतरल्यावर मोताळ्याच्या बाजूला. मागे अजिंठ्याच्या डोंगररांगेचा कडा आणि पुढे पूर्णेच्या खोऱ्यापर्यंत पसरलेली काळी जमीन. वावरांच्या पलीकडे ई-क्लासचे गवताळ पडीत होते. ई-क्लास म्हणजे सरकारी गायरान. हरणांचा मुक्काम तिथे असे. दिवसा ती दूरवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसत. रात्री धुरा ओलांडून वावरात येत.

आबाजींजवळ ठासणीची एक बंदूक होती. पीक राखायला म्हणून तिचा परवाना होता. बहुतेक रात्री ते नुसती दारू ठासून आकाशात बार काढीत. आवाज घाटात घुमे, जनावरे पळत, आणि आबाजी चिलीम पेटवीत. हिवाळ्यात एखाद-दुसऱ्यांदाच ते खरा नेम धरीत. पडलेल्या हरणाचे वाटे ठरलेले असत. ते उचलून आणणाऱ्याचा एक, बलुतेदारांचा एक, जागलकऱ्यांचा एक. आजी माळकरी. तिच्या चुलीवर हे चालत नसे. तेव्हा वावरातच तीन दगड मांडायचे, आणि घरी येण्यापूर्वी विहिरीवर अंघोळ करायची. अशा बेताने गावाची शिकार चाले.

कोल्ह्याची गोष्ट निराळी. हरणाला वाटा असे, कोल्ह्याला नुसत्या शिव्या. नदीच्या पात्रातल्या डांगरवाडीत तो रात्री शिरे आणि नेमके पिकलेले फळ फोडून जाई. कोल्हा काकडीला राजी ही म्हण आम्ही शाळेत शिकण्याआधी डोळ्यांनी पाहिली होती. गावातली पोरे कुत्री घेऊन त्याच्या मागे धावत. मीही धावलो आहे. तो दहातल्या नऊ वेळा निसटे, आणि दहाव्या वेळी हाती लागला तरी त्याचे करायचे काय हा प्रश्न पडे. त्याच्या डोक्यावर शिंग असते आणि ते तिजोरीत ठेवले की लक्ष्मी नांदते अशी समजूत होती. फिरते विक्रेते तसले केसाळ शिंग विकतही. मी मेलेला कोल्हा जवळून पाहिला, तेव्हा आधी त्याचे कपाळ चाचपले. शिंग नव्हते. उंदीर, खेकडे, बोरे आणि मेलेली ढोरे खाऊन शिवार साफ ठेवणारा हा प्राणी आहे, हे मला फार उशिरा कळले. इंग्रजांनी मात्र त्यालाही मानाचा केला होता. विलायतेत ते खोकडामागे घोडे घालीत. इथे पुण्याला आणि उटकमंडला त्यांनी शिकारी कुत्र्यांचे ताफे ठेवून कोल्ह्याचा पाठलाग चालवला. आमच्या पोरांच्या धावण्यात आणि साहेबांच्या धावण्यात फरक एवढाच, की त्यांच्या अंगात लाल कोट असत.

खरी शिकार मला बंदुकीने शिकवली नाही. ती शिकवली एका फासेपारध्याने. दरवर्षी सुगीच्या वेळी त्याचे बिऱ्हाड गावाबाहेरच्या बाभळींखाली उतरे. घरात ते लोक आपसांत गुजरातीसारखी वाटणारी बोली बोलत, आमच्याशी वऱ्हाडी. आबाजी त्याला 'बाबा' म्हणत, तो त्यांना 'पाटील'. त्याचा फासा म्हणजे एक लांब दोरी. तिला ठरावीक अंतरावर तातीचे सरकते फास आणि जमिनीत ठोकायच्या खुंट्या. हरणांची वाट हेरून तो ही दोरी गवतात अशी पसरी, की तिच्यापासून हातभरावर उभे राहूनही ती मला दिसत नसे. मग लांबून, घाई न करता, हरणांना त्या बाजूला वळवायचे. काही पारधी शिकवलेल्या गाईच्या आडोशाने सावजाजवळ सरकतात. त्यांना गायपारधी म्हणत.

एके पहाटे फाशात एक मादी अडकली. पारधी धावला, तिच्या पाठीवर गुडघा टेकून त्याने पोटावरून हात फिरवला, क्षणभर थांबला आणि पायातला फास सोडवून तिला मोकळी केली. ती तीन उड्यांत गवतात नाहीशी झाली. आबाजी वैतागले.

"सोडली कायले, बाबा? रातभर थंडीत बसलो."

"गाभन होती, पाटील," तो दोरी गुंडाळत म्हणाला. "औंदा एक खायची का पुढच्या सालले दोन?"

त्या दिवशी त्याच्या बिऱ्हाडात काय शिजले मला ठाऊक नाही. बहुधा आबाजींनी दिलेली ज्वारी.

हा त्या एका माणसाचा चांगुलपणा होता अशी माझी समजूत होती. पुढे शिक्षकी करताना इतिहास वाचायचा नाद लागला, आणि माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेले लेखन हाती आले. पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या जातींचा त्यांनी अभ्यास केला होता. फासेपारधी हरणे आणि पाखरे फाशात धरीत. नंदीवाले कुत्र्यांच्या साहाय्याने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड मारीत. वैदू मुंगूस, ऊदमांजर अशा लहान जनावरांमागे जात. एकाच रानात तीन जाती, पण एकमेकींच्या ताटात हात नाही. आणि फाशात आलेली गाभण मादी किंवा पाडस सोडून द्यायचे, ही फासेपारध्यांची रीतच होती. बाभळीखालचा तो माणूस जातीचा कायदा पाळत होता. सरकारचा कायदा त्याच्याविषयी काय म्हणत होता, ते पुढे येईलच.

पारध्यांचा इतिहास आपल्या भागाच्या इतिहासाइतकाच जुना आहे. १५९६ साली वऱ्हाड मोगलांकडे गेले. अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची, त्यातल्या मेहकर सरकारची नोंद आहे. त्याच ग्रंथात बादशाही शिकारीचेही वर्णन आहे. चित्ता सोडून काळवीट मारणे, पाळीव हरणाच्या शिंगांना फास बांधून रानातला नर अडकवणे, असे कितीतरी प्रकार त्यात आहेत. शिकारीचा चित्ता पिंजऱ्यात जन्मत नसे. तो रानातूनच, तोही मोठा झालेला धरावा लागे, कारण शिकार त्याला त्याच्या आईने शिकवलेली असे. चित्ते ठरावीक झाडांपाशी येऊन बुंध्याला नखे घासतात. त्या झाडाभोवती फासे पसरून त्यांना जिवंत धरणारे आणि माणसाळवणारे ते चित्तेपारधी. बादशहाच्या आणि संस्थानिकांच्या शिकारीची सगळी ऐट या कलेवर उभी होती. कोल्हापूरला तर विसाव्या शतकातही चित्त्यांनी शिकार होत असे.

मग काळ बदलला. १८५३ च्या तहाने निजामाकडचे वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आले. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात मलकापूर, नांदुरा, शेगाववरून रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७० साली जलंबहून खामगावला फाटा निघाला. जिथे गवत होते तिथे कपाशी आली. बंदुकीच्या आधी हरणांचे घर मोडले ते नांगराने. माझ्या पणज्यांचाही नांगर त्यात होता.

पुढच्याच वर्षी, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि पुढे पारध्यांवर त्याचा शिक्का बसला. जन्मतःच गुन्हेगार! हजेरी दिल्याशिवाय गाव सोडायचे नाही. ज्याचा धंदाच सावजामागे फिरण्याचा, त्याने एका जागी बसून काय खावे, हे कायद्यात लिहिलेले नव्हते. आणि त्याच काळात सरकार स्वतः शिकारीला बक्षिसे वाटत होते. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबाप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत बक्षिसासाठी ८० हजारांहून अधिक वाघ, दीड लाखांहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. थंडीच्या दौऱ्यावर आलेला साहेब आमराईत तंबू ठोकून काळवीट टिपी, तेव्हा ती मर्दुमकी. पारध्याने तेच काळवीट धरले, तर तो संशयित.

१९५२ सालच्या ३१ ऑगस्टला हा कायदा रद्द झाला. पारधी कागदोपत्री विमुक्त झाले. आणि नियतीचा खेळ असा, की भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे जाहीर झाले तेही १९५२ सालीच. चित्तेपारधी ज्या वर्षी सुटला त्या वर्षी त्याचा चित्ताच उरला नव्हता. फासेपारध्याचे काळवीट अजून होते. त्याचे काय झाले ते मी स्वतः पाहिले आहे.

१९६१ सालचा उन्हाळा. आमचे दूरचे एक मामा शहरातले चार मित्र आणि एक जीप घेऊन मुक्कामाला आले. महायुद्धानंतर लष्कराच्या जीपगाड्या बाजारात आल्या, बंदुकीचे परवानेही सढळ हाताने मिळू लागले, आणि देशभर हीच तऱ्हा सुरू झाली होती. वाट दाखवायला म्हणून त्यांनी मला पुढे बसवले. बारा वर्षांच्या पोराला याहून मोठा मान कोणता? मी त्यांना ई-क्लासवर नेले. जीपवरचा झोत फिरला आणि गवतात हिरवट डोळ्यांच्या जोड्या पेटल्या. आबाजींच्या बाराने हरणे पळत. झोतापुढे ती पळाली नाहीत, डोळे दिपून उभी राहिली. गाडी चालू, बंदुका चालू. कोण नर, कोण मादी, कोणाचे पोट जड, हे पाहायला कोणी खाली उतरले नाही. सात पडली. गाडीत चार मावली. किती जखमी होऊन पळाली त्याची मोजदाद नाही.

पहाटेपर्यंत कोल्हे ओरडत होते. इतकी कोल्हेकुई मी त्यापूर्वी ऐकली नव्हती. सकाळी गेलो तो टाकलेल्या तीन हरणांपाशी ती मंडळी येऊन गेली होती. एका मादीच्या पोटातले पाडस बाहेर ओढलेले होते. मला त्या पहाटेच्या फाशाची आठवण झाली, आणि मी तिथेच ओकलो.

आठ दिवसांनी चौकशीला एक अंमलदार आले. हरणांची सांगाडी त्यांना दिसली होती, आणि बाभळीखाली पारध्याचे बिऱ्हाडही. दोरी, फासे, खुंट्या, सगळा पुरावा आयताच मांडलेला. अंमलदारांनी आबाजींना विचारले. आबाजी जमिनीकडे बघत राहिले. मामा घरचे पाहुणे, त्यांचे नाव कसे घ्यायचे? मग अंमलदार माझ्याकडे वळले. "काय रे पोरा, तुला काही ठाऊक?" मी मान हलवली. नाही.

पारध्याने माझ्याकडे एकदा पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. हा काय बोलणार, हे त्याला आधीच ठाऊक असावे. त्याला घेऊन गेले. पुढच्या सुगीला बाभळींखाली बिऱ्हाड उतरले नाही, त्याच्या पुढच्याही नाही. दोन-तीन वर्षांत ई-क्लासवर हरणेही दिसेनाशी झाली. "पारध्यांनी रान साफ केलं," असे गावात म्हणत. मीही ते ऐकून घेत असे.

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि काळवीट संरक्षित झाले. ते व्हायलाच हवे होते. पण त्या कायद्याने जीपवाल्याचा एक शौक गेला, पारध्याची भाकरी गेली. शिक्का मात्र लोकांच्या मनात तसाच राहिला.

आता रान काहीसे सावरले आहे. १९९७ साली बुलढाणा आणि खामगावच्या मधल्या डोंगरांत ज्ञानगंगा अभयारण्य झाले. २०१९ साली यवतमाळकडच्या टिपेश्वरमधून निघालेला एक तरुण वाघ शेकडो कोस भटकून तिथे येऊन राहिला, तेव्हा सारा जिल्हा हरखला होता. पीक खाणाऱ्या रोह्यांचा आणि डुकरांचा शेतकऱ्याला त्रास आहे, तो खोटा नाही. जागल अजून सुटलेली नाही. पण मला समाधान वाटले ते निराळ्याच एका गोष्टीने. शेजारच्या अकोला-वाशिम भागात फासेपारधी तरुण आता तणमोरासारख्या दुर्मीळ पाखराची आणि त्याच्या गवताळ रानाची राखण करतात. पाखरू कोणत्या गवतात उतरेल हे ओळखणारी नजर पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तीच नजर आज राखणीला लागली आहे.

दिवाळीत मी अजून गावी जातो. पणती सून लावते. कंदिलाची जागा विजेरीने घेतली आहे. रात्री घाटाच्या बाजूने कधी कोल्हे ओरडतात. नातवंडे घाबरून जवळ येतात आणि विचारतात, "आबाजी, हे काय म्हणून राह्यले?" मी त्यांना बाभळीखालच्या त्या बिऱ्हाडाची गोष्ट सांगतो. कोणी सोडले आणि कोणी मारले, तेही सांगतो. बारा वर्षांचा असताना एका प्रश्नाला मी मान हलवून उत्तर दिले होते. ते खोटे होते, हे त्यांना माझ्याच तोंडून कळलेले बरे.