ट्रॅक डे टायर: पकड जास्त की आयुष्य जास्त? भंडाऱ्याच्या बाईकवाल्यांसाठी हिशोब

३९० ड्यूकसारखी बाईक घेतली की पहिला टायर झिजायच्या सुमाराला एक प्रश्न येतोच. नवीन टाकायचाच आहे, तर ट्रॅकवाला सॉफ्ट टायर टाकायचा का? भंडारा, तुमसर, साकोली, कुठल्याही दुकानात विचारा, उत्तर साधारण एकच मिळतं: "टाका ना भाऊ, सॉफ्ट कंपाउंड आहे, रोडले चिपकून चालते." सॉफ्ट कंपाउंड आहे हे खरं. चिपकून चालतो हे मात्र टायर किती गरम आहे, रस्ता कसला आहे आणि टायर याआधी किती वेळा तापून थंड झालाय यावर ठरतं. कधी कधी हाच महागडा टायर साध्या टायरपेक्षा कमी पकड देतो आणि वर तिप्पट वेगानं झिजतो. हे कसं होतं ते नीट बघू.

आधी ट्रॅक डे म्हणजे काय, ते थोडक्यात. ही शर्यत नसते. आपली गाडी घेऊन जायचं, फी भरायची आणि बंद सर्किटवर १५-२० मिनिटांच्या सत्रांमध्ये चालवायची. भारतात यासाठी प्रामुख्यानं तीन जागा आहेत: चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट, जे जुने लोक एमएमआरटी म्हणून ओळखतात, कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. विदर्भात असं एकही सर्किट नाही. पुढच्या हिशोबात ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते.

रबर पकडतं म्हणजे काय करतं?

शाळेत शिकलेलं घर्षण इथे अर्धंच उपयोगी पडतं. रबर दोन प्रकारे पकडतं. एक, रेणूंच्या पातळीवर ते पृष्ठभागाला चिकटतं. दोन, डांबरातल्या गिट्टीच्या बारीक उंचसखल भागात ते दबून घुसतं आणि तिथून बाहेर येताना लगेच मूळ आकारात येत नाही. हा जो उशीर होतो, त्याला हिस्टेरेसिस म्हणतात. टणाटण उसळणारा रबरी चेंडू आठवा. त्यानं घेतलेली ऊर्जा जवळपास सगळी परत दिली. जो चेंडू आपटल्यावर थप्प करून बसतो, त्यानं ती ऊर्जा आत उष्णता म्हणून खाल्ली. टायरला पकड हवी असेल तर रबर दुसऱ्या चेंडूसारखं हवं.

गंमत अशी की हीच खाल्लेली ऊर्जा टायर तापवते. तापलेलं मऊ रबर गिट्टीवर घासून लवकर निघतं. म्हणजे पकड देणारा गुण आणि आयुष्य खाणारा गुण बऱ्याच अंशी एकच आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला ट्रेड-ऑफ म्हणतो, तो इथे थेट रबराच्या रसायनात बसलेला आहे. १९९२ मध्ये मिशेलिननं ट्रेडच्या रबरात सिलिका मोठ्या प्रमाणात वापरून ओल्या रस्त्यावरची पकड आणि इंधनबचत हे दोन्ही एकत्र साधलं. तेव्हापासून हा झगडा थोडा सैल झालाय, पण मिटलेला नाही.

आता तापमान. प्रत्येक कंपाउंडची एक ठरलेली पट्टी असते, जिच्यात ते सगळ्यात चांगलं काम करतं. शर्यतीच्या स्लिक टायरसाठी ही पट्टी साधारण ८० ते १०० अंश सेल्सियस किंवा त्याहून वर असते. म्हणूनच गाडी उभी असताना त्यांच्यावर टायर वॉर्मर नावाची विजेची गोधडी गुंडाळतात. पट्टीच्या खाली तेच रबर ताठ राहतं, गिट्टीत घुसतच नाही. रस्त्याचा टायर मात्र घरातून निघाल्यापासून दोन-तीन मिनिटांत कामाला लागेल असाच बनवलेला असतो.

भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ ला जातो आणि डांबर ६० च्या वर तापतं. जानेवारीच्या पहाटे हाच रस्ता १० अंशांच्या आसपास असतो. त्या थंडीत गावातून निघालेला ट्रॅक टायर पहिल्या वळणावर त्याच्या पट्टीच्या कितीतरी खाली असतो. आणि रस्त्याच्या कायदेशीर वेगात तो त्या पट्टीपर्यंत बहुतेक वेळा पोहोचतच नाही.

आकडे काय सांगतात, काय नाही

कारच्या टायरवर ट्रेडवेअर नावाचा एक आकडा छापलेला असतो. ही अमेरिकेची यूटीक्यूजी पद्धत. टेक्सासमधल्या सॅन अँजेलोभोवतीच्या ठरावीक रस्त्यांवर ७,२०० मैल, म्हणजे सुमारे ११,६०० किलोमीटर गाडी चालवून झीज मोजतात. मानक टायरला १००, त्याच्या दुप्पट टिकेल त्याला २००. घरच्या कारच्या टायरवर ३०० ते ५०० सहज दिसतं. ट्रॅक डेच्या टायरांची यादी बघा: टोयो आर८८८आर १००, मिशेलिन पायलट स्पोर्ट कप २ ची १८०, योकोहामा अ‍ॅडव्हान ए०५२ आणि हँकूक व्हेंटस आरएस४ दोन्ही २००.

या शेवटच्या जोडीपाशी जरा थांबू. आकडा एकच, पण स्वभाव अगदी उलटे. ए०५२ एक-दोन फेऱ्यांत जबरदस्त वेळ देतो, पण पटकन तापतो आणि भराभर झिजतो. आरएस४ त्या वेळेच्या थोडा मागे राहतो, पण सत्रामागून सत्र तशीच पकड देत राहतो. ट्रॅक डेला जाणारे हे अनुभवानं जाणतात, आकड्यावरून कळत नाही. कारण आकडा कंपनी स्वतःच देते आणि दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी काटेकोर जुळवता येत नाहीत. शिवाय त्याच्या शेजारचं ट्रॅक्शनचं अक्षर ओल्या रस्त्यावरच्या सरळ ब्रेकिंगवरून ठरतं, वळणातली पकड त्यात मोजलेलीच नसते.

बाईकच्या टायरला यूटीक्यूजी लागूच नाही. तिथे कंपनीच्या मालिकेवरून अंदाज घ्यावा लागतो. पिरेलीचंच उदाहरण घ्या. एंजल ही प्रवासासाठीची मालिका. तिच्यावर डायब्लो रोसो, रस्त्यासाठीच पण जोमानं चालवणाऱ्यांची. मग सुपरकोर्सा एसपी, रस्त्यावर चालणारा ट्रॅक टायर. त्यापुढे शर्यतीचा सुपरकोर्सा एससी आणि शेवटी डायब्लो सुपरबाईक, म्हणजे खोबणी नसलेला स्लिक. प्रत्येक पायरीला पकड थोडी वाढते आणि आयुष्य मात्र जवळपास निम्मं होत जातं. मागच्या टायरचा ढोबळ अंदाज: प्रवासी टायर दहा हजार किलोमीटरच्या पुढे, स्पोर्ट-रोड टायर पाच ते आठ हजार, एसपीसारखा टायर अडीच ते चार हजार. स्लिकचं आयुष्य किलोमीटरमध्ये सांगण्यात अर्थच नाही, ते सत्रांमध्ये मोजतात.

जास्त पकडीचा टायर नेहमी जिंकतो असंही नाही. २०१३ साली बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन झाली तेव्हा सेबास्टियन व्हेटेल सॉफ्ट टायरवर पहिल्या क्रमांकावरून निघाला आणि दुसऱ्या फेरीच्या शेवटीच पिटमध्ये येऊन त्यानं मीडियम टायर घातले. एका थांब्यात तो सतराव्या जागेवर गेला. ६० फेऱ्यांची ती शर्यत शेवटी त्यानंच जिंकली आणि चौथं विश्वविजेतेपदही तिथेच पक्कं केलं. सॉफ्ट टायर एका फेरीला वेगवान होता, पण टिकत नव्हता.

गोटे शाबूत, पकड गेलेली

ट्रॅक टायरचं आयुष्य दोन प्रकारे संपतं. एक झीज, ती डोळ्यांना दिसते. दुसरं दिसत नाही. टायर कडक तापून पूर्ण थंड झाला की एक हीट सायकल धरतात. दर वेळी रबरातलं उरलेलं गंधक आणखी थोडे जोड बांधतं आणि आतलं तेल बाहेर सरकतं. रबर कडक होत जातं. काही हीट सायकलनंतर ट्रेड चांगला दिसतो, पण टायर घसरायला लागतो. गावातल्या चकरांमध्ये टायर तेवढा तापत नाही, म्हणून रस्त्याच्या टायरला हा प्रकार फारसा जाणवत नाही.

मोठ्या शहरांतून शर्यतीचे वापरलेले स्लिक स्वस्तात विकायला येतात आणि कॉलेजची पोरं ते हौसेनं घेतात, त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. तो टायर कुणीतरी त्याच्या हीट सायकल संपल्या म्हणूनच काढलेला असतो. वर त्याला पाणी बाहेर फेकायला खोबणीच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९४ दुचाकीच्या टायरवर किमान ०.८ मिलिमीटर खोबणी मागतो, कारसाठी १.६. स्लिक पहिल्या दिवसापासूनच या नियमात नापास. घ्यायचाच असेल तर ट्रॅकपुरता घ्या आणि शोअर ए ड्युरोमीटरनं कडकपणा मोजून घ्या, हे यंत्र फार महाग नसतं. नवीन ट्रॅक टायर साधारण पन्नाशीच्या आसपास दाखवतो, रस्त्याचा साठीच्या आसपास. वापरलेला स्लिक साठीच्या पुढे गेला असेल तर तुम्ही ट्रॅक टायरच्या नावाखाली कडक रबर विकत घेताय.

भंडारा ते चेन्नई: खरी झीज कुठे होते?

समजा साकोलीचा एक जण ३९० वर चेन्नईच्या ट्रॅक डेला निघाला. मागे १५०/६० मापाचा ट्रॅक टायर नवाकोरा बसवलाय. नागपूर, हैदराबाद करत एका बाजूचं अंतर साधारण १,२०० किलोमीटर, येऊन-जाऊन २,४००. सर्किटची एक फेरी सुमारे ३.७ किलोमीटरची. १५ मिनिटांच्या सत्रात नवख्याच्या सहा-सात फेऱ्या होतात, पाच सत्रं धरली तर बत्तीसेक. म्हणजे सुमारे १२० किलोमीटर.

थोडक्यात, ज्या १२० किलोमीटरसाठी टायर घेतला ते एकूण अंतराच्या पाच टक्केही नाहीत. उरलेलं सगळं सरळ हायवे, आणि तिथे फक्त टायरचा मधला पट्टा झिजतो. साडेतीन हजार किलोमीटर टिकणाऱ्या टायरचं दोन-तृतीयांश आयुष्य या एकाच फेरीत गेलं. एवढंच नाही, चेन्नईला पोहोचेपर्यंत मधला भाग चपटा झालेला असतो. गाडी वळणात झुकवताना गोल टायर एकसारखा लोळत जातो. चपटा टायर आधी अडतो आणि मग कडेवरून एकदम खाली पडल्यासारखा झुकतो. ट्रॅकवर पहिल्यांदा गेलेल्या माणसाला ही सवय नको.

यापेक्षा रेल्वे बरी. नागपूरहून चेन्नईला ग्रँड ट्रंक एक्सप्रेससारख्या थेट गाड्या आहेत आणि बाईक पार्सलनं पाठवता येते, टाकी रिकामी करून. पार्सलचे पैसे अर्ध्या झिजलेल्या टायरच्या शेजारी मांडून बघा. मित्र मिळून टेम्पो करत असाल तर आणखी चांगलं.

आपल्या रस्त्यावर ही पकड वापरता येते का?

८० च्या वेगावरून ब्रेक लावला, तर घर्षणांक ०.८ असताना गाडी साडेएकतीस मीटरमध्ये थांबते, ०.९ ला २८ मीटरमध्ये, १.० ला २५ मध्ये. कागदावर हा फायदा मोठा दिसतो. पण छोट्या व्हीलबेसच्या बाईकचं मागचं चाक १.० च्या आसपासच उचलायला लागतं, त्यापुढची पकड सरळ ब्रेकिंगमध्ये तुम्हाला खर्चच करता येत नाही. ओल्या रस्त्यावर घर्षणांक ०.५ झाला की तेच अंतर ५० मीटर होतं. फरक पडतो तो इथे, आणि इथे खोबणी आणि सिलिका कामाला येतात, ट्रॅकचं कंपाउंड नाही.

त्यात आपले रस्ते. वैनगंगेची रेती भरून टिप्पर जातात आणि वळणावर बारीक रेतीचा थर सांडतो. जुलैत रोवणी सुरू झाली की ट्रॅक्टर बांधीतून थेट डांबरावर येतात, मागे चिखलाचे पट्टे. रबर आणि डांबर यांच्यामध्ये रेतीचे गोल दाणे आले की कंपाउंड कितीही महाग असो, ते डांबराला शिवतच नाही. उलट चिकट टायर ही रेती उचलून अंगावर घेतो.

म्हणून वर्षात एकदा-दोनदा ट्रॅकवर जाणाऱ्या आणि रोज भंडारा-नागपूर करणाऱ्या माणसानं माझ्या मते स्पोर्ट-रोड वर्गातला टायर घ्यावा, शक्यतो मध्ये कडक आणि कडांना मऊ असा दुहेरी कंपाउंडचा. नवख्याची ट्रॅकवरची वेळ टायरपेक्षा त्याच्या रेषेवर आणि ब्रेकिंगवर जास्त अवलंबून असते. वर्षाला सहा-सात ट्रॅक डे करणाऱ्यानं सरळ रिमचा दुसरा सेट ठेवावा.

घेताना बाजूच्या भिंतीवरचे डॉटचे शेवटचे चार अंक वाचा. ३२२५ म्हणजे २०२५ सालचा ३२ वा आठवडा. पत्र्याच्या गोदामात दोन उन्हाळे काढलेला मऊ टायर नवा म्हणून घेऊ नका. बुटीबोरीला सिएटचा दुचाकी टायरचा कारखाना तासा-दोन तासांच्या अंतरावर आहे, पण दुकानातला माल ताजाच असेल असं त्यावरून ठरत नाही.

आणि ट्रॅकवर हवा सकाळी एकदाच बघून सोडू नका. २७ अंशांना ३० पीएसआय भरलेला टायर ७७ अंशांना साडेसदतीसच्या जवळ जातो. हवा वाढली की रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो. सत्र संपवून आल्या आल्या गरम टायरवरच गेज लावा, आयोजकांकडच्या अनुभवी माणसाला तुमच्या टायरचा गरम आकडा विचारा आणि तेवढी हवा सोडा. परतीला निघण्याआधी ती मॅन्युअलमधल्या आकड्यावर परत भरा, नाहीतर कमी हवेवर हायवेला टायर तापत राहील.