पाण्याचा फड

फड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वासकरांचा फड येतो, देहूकरांचा फड येतो. वीणा, टाळ, मृदंग आणि एका चालीत चालणारी माणसे. आमच्या नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेला, बागलाणात, हाच शब्द शेतकरी पाण्यासाठी वापरत आला. मोसम आणि आरम या नद्यांच्या काठी, आणि पलीकडे धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी, जी फड पद्धत चालत होती ती निदान तीनशे वर्षांची मानली जाते. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी निघते, तिच्याबरोबर चालणाऱ्यांना हा दुसरा फड ठाऊक असावा, म्हणून हे लिहितो.

जुना गाव स्वयंपूर्ण होता, असे व्यासपीठावरून नेहमी सांगितले जाते. इंग्रज अधिकारी चार्ल्स मेटकाफ यानेही १८३० साली हिंदुस्थानातल्या खेड्यांना छोटी प्रजासत्ताके ठरवले आणि त्यांना लागणारे जवळजवळ सारे त्यांच्याच हद्दीत मिळते, असे मत दिले. पण मीठ कुठून येत होते? ते समुद्रकाठाहून लमाणांच्या बैलांच्या पाठीवर येई. लोहाराच्या भट्टीतले लोखंडही दर गावात निघत नव्हते. मिठावाचून भाकरी आणि फाळावाचून नांगर, असा गाव कोणी पाहिला आहे? घर तर त्याहून परावलंबी. शेतकऱ्याचे औत सुताराकडे, मडके कुंभाराकडे, मोट चांभाराकडे. आणि या सर्वांची भाकरी शेतकऱ्याच्या खळ्यावर.

फडाची रचना मात्र समजून घेण्यासारखी आहे. नदीला आडवा दगडी बंधारा. त्यातून निघालेला पाट, पाटाला चाऱ्या, आणि जास्तीचे पाणी परत नदीत सोडणारा सांडवा. बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या जमिनीचे तीन किंवा चार मोठे तुकडे करायचे. त्यातला प्रत्येक तुकडा म्हणजे एक फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. एकात ऊस असला तर दुसऱ्यात हंगामी पीक, आणि पुढच्या वर्षी पालट. आपल्या मनाला आले म्हणून उसाच्या फडात कोणी बाजरी पेरायची नाही. यात जाच वाटेल, पण हिशेब चोख आहे. शेजारच्या पिकाची तहान आपल्या पिकाच्या तहानेबरोबरच लागते, एकाच पाळीत सारा फड भिजतो, आणि पालटामुळे जमिनीचा कसही टिकतो.

खरी मेख पुढे आहे. शक्यतो प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे. पाऊस कमी झाला की सगळे बसून ठरवीत, यंदा इतकेच फड भिजवायचे. मग जो फड कोरडा राही, त्यात पाटलाचाही तुकडा असे आणि गरिबाचाही. दुष्काळ सगळ्यांच्या वाट्याला सारखा यावा, अशी तजवीज जमिनीच्या वाटणीतच केलेली.

पाणी शेतकऱ्याने स्वतः फोडायचे नाही. ते काम पाटकऱ्याचे. पिकाची राखण जागल्या करी आणि या दोघांवर हवालदार असे. त्यांचा मेहनताना शेतातल्या मालातून निघे. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला घरटी माणूस यावा लागे. आपल्या दिंडीत भिशी भरलेला सावकार असो की शेतमजूर, चोपदाराने हात वर केला की दोघेही थांबतात. पाटकऱ्याचा मान त्याच जातीचा होता.

एवढे गोड सांगून थांबणे मला बरे वाटत नाही. फडातला वाटा जमिनीबरोबर येई. ज्याला जमीन नाही त्याला वाटा नाही. आणि बलुत्याच्या व्यवस्थेत महारावाचून गावाचे पान हलत नव्हते, तरी त्याचे घर गावकुसाबाहेर. आपले चोखोबा मंगळवेढ्याचे कूस बांधताना ते कोसळून त्याखाली गेले, ही गोष्ट आपण सारे भक्तिभावाने सांगतो. ज्या भिंतीच्या आत त्यांना राहू दिले नाही, तीच भिंत ते बांधीत होते, हे सांगताना आमच्यातल्या अनेकांचा आवाज खाली जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविषयी विधेयक मांडले. नाही म्हणण्याची सोय नसलेली ती चाकरी त्यांना मोडायची होती. २ मार्च १९३० रोजी आमच्याच नाशकात काळारामाच्या दारी सत्याग्रह सुरू झाला. ही वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. बलुते गेले म्हणून हळहळणाऱ्यांनी हा भाग वगळू नये.

पुढे मोसमवर हरणबारीचे आणि आरमवर केळझरचे धरण झाले, विहिरींवर विजेचे पंप बसले. ज्याच्या विहिरीला पाणी त्याला पंचांची गरज उरली नाही, आणि फड एकेक करून सैल होत गेले. विहीर आपल्या मालकीची, पण तिच्यातले झरे शेजाऱ्याच्या बांधाखालून येतात, हे उन्हाळ्यात कळते.

फडाचे सूत्र मात्र जिल्ह्यातून गेले नाही. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर १९९० नंतर बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. सुरुवात शेपटाकडच्या, म्हणजे ज्यांच्यापर्यंत पाणी पोहोचतच नव्हते त्या शेतकऱ्यांपासून झाली. संस्था धरणाचे पाणी मोजून घेतात, सभासदांत वाटतात आणि पाणीपट्टीही स्वतः गोळा करतात.