पुढे चाल मिळालेली पोरं

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात विल्यम्सपोर्ट नावाचं एक लहानसं शहर आहे. १९३९ साली कार्ल स्टॉट्झ या गृहस्थांनी तिथे लहान मुलांसाठी बेसबॉलची लीग सुरू केली. नाव, लिटल लीग. १९४७ मध्ये तिची पहिली मोठी स्पर्धा भरली. आज जगभरातले मुलांचे संघ दर ऑगस्टमध्ये त्या शहरालगत खेळायला येतात. या स्पर्धेच्या विजेत्यांची यादी मोठी आहे, पण मला सांगायची आहे ती गोष्ट एकही सामना न खेळलेल्या संघाची.

साल १९५५. दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या चार्ल्सटन शहरात कृष्णवर्णीयांसाठी वेगळं वायएमसीए होतं, कॅनन स्ट्रीटवर. आदल्याच वर्षी शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य असल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला होता, पण दक्षिणेत तो मानायला फारसं कुणी तयार नव्हतं. कॅनन स्ट्रीटच्या मुलांची लीग लिटल लीगमध्ये रीतसर नोंदवलेली होती. अकरा-बारा वर्षांची मुलं. त्यांचा निवडक संघ शहराच्या स्पर्धेत उतरला आणि समोरचे गोरे संघ निघून गेले. मग राज्याची स्पर्धा आली, तिथेही तेच झालं. आपल्याकडे कबड्डी-खोखोत म्हणतात तशी या पोरांना पुढे चाल मिळत गेली. बॅटला चेंडू न लागताच ती राज्याचे विजेते ठरली!

इथे लिटल लीगच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. गोऱ्यांची आणि कृष्णवर्णीयांची स्पर्धा वेगवेगळी घ्या, अशी मागणी त्यांच्यापुढे आली होती. लीगचे अध्यक्ष पीटर मॅकगव्हर्न यांनी ती साफ नाकारली. आमच्याकडे वर्णभेद चालणार नाही, ही भूमिका त्यांनी सोडली नाही. त्या काळात हे सोपं नव्हतं.

पण पुढची पायरी होती जॉर्जिया राज्यातल्या रोम शहरातली विभागीय स्पर्धा, आणि तिच्यापुढे विल्यम्सपोर्ट. तिथे त्याच लीगने नियमांचं पुस्तक उघडलं. सामना खेळून जिंकलेला संघच पुढे जाऊ शकतो, पुढे चाल मिळालेला नाही. नियम सगळ्यांना सारखा. कॅनन स्ट्रीटचा संघ अपात्र ठरला.

मला हा प्रसंग वर्णद्वेषाच्या उघड घटनांपेक्षा जास्त विचार करायला लावतो. मैदान सोडलं कुणी? गोऱ्या संघांनी. घरी बसावं लागलं कुणाला? मैदानात उभ्या असलेल्या मुलांना. नियमात रंगाचा उल्लेख कुठेच नव्हता आणि तरीही तो लागला तो नेमका रंगावरूनच. अन्याय करणाऱ्याने बहिष्कार टाकायचा आणि त्या बहिष्काराची शिक्षा नियमाने बहिष्कृताला द्यायची, असा हा हिशेब.

मग लीगने एक मधला मार्ग काढला. मुलांना पाहुणे म्हणून विल्यम्सपोर्टला बोलावलं. पोरं चार्ल्सटनहून बसने तिथे गेली. त्यांना मैदानावर थोडा सराव करू दिला, आणि मग प्रेक्षकांत बसवलं. तेव्हा स्टँडमधून लोक ओरडू लागले होते, ‘त्यांना खेळू द्या!’ ही आठवण त्यातल्या खेळाडूंनी म्हातारपणीही सांगितली आहे. ते मात्र खेळले नाहीत.

पाहुणचार आणि हक्क यांतला फरक आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नसावी. ईदला शीरखुर्मा खायला हौसेने येणारे खूप असतात, त्यांचं प्रेमही खोटं नसतं. पण त्यांच्याच सोसायटीत भाड्याने घर विचारून बघा. मग नियम निघतात.

अंतिम सामना २६ ऑगस्टला झाला. दोनच दिवसांनी मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्या माणसांनी पळवून नेऊन ठार मारलं. कॅनन स्ट्रीटची पोरं घरी परतली ती या दक्षिणेत.

पोरांना एकमेकांशी खेळायचंच नव्हतं, असं मात्र कुणी म्हणू नये. त्याच उन्हाळ्यात फ्लोरिडात पेन्साकोलाच्या कृष्णवर्णीय संघाविरुद्ध ऑर्लँडोचा गोरा संघ मैदानात उतरला. सामना झाला, ऑर्लँडो जिंकलं, आभाळ काही कोसळलं नाही. दक्षिण कॅरोलिनातल्या मोठ्या माणसांनी मात्र लिटल लीग सोडून गोऱ्यांची वेगळी संघटना काढली. पुढे डिक्सी यूथ बेसबॉल म्हणून ती ओळखली गेली आणि गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या कॉन्फेडरेट राज्यांचा झेंडा तिने आपल्या चिन्हात घेतला. अनेक वर्षांनी आपल्या मुलाच्या गणवेशावर तो झेंडा बघून चार्ल्सटनच्या ऑगस्टस होल्ट यांनी मागचा इतिहास खणायला घेतला, आणि विसरलेला हा संघ पुन्हा लोकांसमोर आला.

२००२ मध्ये लिटल लीगने त्या खेळाडूंना विल्यम्सपोर्टला पुन्हा बोलावलं आणि १९५५ चे राज्य विजेते म्हणून फलक दिला. बारा वर्षांची पोरं तेव्हा साठीकडे झुकली होती. चूक मान्य झाली, ते चांगलंच झालं. पण १९५५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी मागितला होता फक्त एक सामना, आणि तो हरण्याचीही त्यांची तयारी होती.