शिलाई मशीन अडलं? आधी भाग ओळखा, मग मेकॅनिक बोलवा

हैदराबाद : नांदेड, देगलूर, बिदर, आदिलाबादकडून हैदराबादेत आलेल्या अनेक मराठी घरांत शिलाई मशीन हा घरबसल्या कमाईचा आधार आहे. ऐन लग्नसराईत ब्लाऊज शिवायला घ्यावा आणि दोरा सारखा तुटावा, मग मेकॅनिकची वाट बघण्यात दिवस जातो. कित्येकदा दोष एवढाच, की सुई उलटी बसलेली असते. मुख्य भाग ओळखता आले तर असे पैसे वाचतात.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. तेलुगूत सुईला ‘सूदी’, दोऱ्याला ‘दारम’ आणि शिलाई मशीनला ‘कुट्टू मिषन’ म्हणतात. बाकी बॉबिन, शटल, बेल्ट ही नावं नांदेडला तीच, हैदराबादलाही तीच.

टाका कसा पडतो?
एक दोरा वरून सुईतून येतो, दुसरा खालून बॉबिनमधून. दोघांची गुंफण कापडाच्या मधोमध बसते. टोकाजवळ छिद्र असलेली सुई आणि खालचं शटल या जोडीचं पेटंट अमेरिकेत एलियास होवे यांनी १८४६ मध्ये घेतलं. आजचं घरगुती मशीनही त्याच तत्त्वावर चालतं.

भाग आणि त्यांचं काम
सुई : वरच्या जाड भागाची एक बाजू चपटी, तर दुसऱ्या बाजूला लांब खाच असते. दोरा खाचेच्या बाजूने ओवायचा. सुई पूर्ण वर ढकलून स्क्रू आवळा. पातळ कापडाला ११, सुतीला १४, जीन्सला १६ किंवा १८ नंबर.
टेन्शन : दोरा दाबून धरणाऱ्या दोन चकत्या आणि पुढचा स्क्रू. वरच्या दोऱ्याचा ताण इथे ठरतो.
टेक-अप लिव्हर : वर-खाली होणारी, भोक असलेली दांडी. शिलाई सुरू करताना आणि कापड काढताना ती सगळ्यात वर हवी.
प्रेसर फूट : कापड दाबून धरणारा पाय.
फीड डॉग : पायाखालचे दाते, कापड पुढे सरकवतात. त्यात कचरा अडकला की कापड जागेवरच थांबतं.
बॉबिन केस : खालच्या दोऱ्याची डबी. दोऱ्याला धरून लटकवा. आपोआप घसरली तर सैल आहे. हलका झटका दिल्यावर थोडी घसरली तर बरोबर.

दोष कुठे आहे?
वर लाल, खाली पांढरा दोरा लावून चिंधीवर शिवून पाहा. पांढरा वर दिसला तर वरचा ताण जास्त. खाली लाल दोऱ्याचे फासे पडले तर वरचा ताण कमी, किंवा दोरा चकत्यांत नीट बसलेला नाही. तेलाच्या भोकांत मशीनचंच तेल घाला, एकेक थेंब. खोबरेल नको, ते थिजून मशीन जड होतं.

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. त्यात मूलभूत प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे.

जुनं मशीन घेत असाल, तर पैसे देण्याआधी दुकानातच दोन रंगांचे दोरे लावून चार बोटं शिवून बघा.