‘विसरून जा’ या सल्ल्याचा इतिहास

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आज लढाई संपल्यावर जी रात्र येते तिच्याबद्दल बोलायचं आहे. निमित्त मात्र लढाईचं नाही, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कॉफीच्या टपरीचं आहे.

निवृत्तीनंतर मी इथे मुलीजवळ राहायला आलो. फौजेतली सवय सुटत नाही, पहाटे पाचला चालायला बाहेर पडतो. त्या वेळी टपरीवर नाइट शिफ्टहून सुटलेली माणसं असतात आणि विद्यार्थी असतात. हे विद्यार्थी लवकर उठलेले नसतात, ते झोपलेलेच नसतात. आमच्या इमारतीमागे मुलांचं एक पीजी आहे. तिथला एक मुलगा मूळचा जत तालुक्यातला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मी फोनवर मराठीत बोलत होतो ते ऐकून जवळ आला आणि ओळख झाली. परीक्षा आणि प्लेसमेंट एकाच महिन्यात आल्या तेव्हा एका पहाटे त्यानं विचारलं, “काका, तुम्ही आर्मीत होता ना? तुम्हाला वाईट स्वप्नं पडायची का हो?”

त्याचं स्वप्न असं: ऑनलाइन टेस्ट चालू आहे. वेळ संपत चाललीय. तो टाइप करतो, पण स्क्रीनवर अक्षर उमटत नाही. मागे वडील उभे आहेत. ते रागावत नाहीत, काहीच बोलत नाहीत. साडेचारला छाती धडधडत जाग येते आणि मग पुन्हा डोळे मिटायची भीती वाटते. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “नको विचार करूस रे, विसरून जा.”

मी गप्प बसलो, कारण हाच सल्ला एकेकाळी मीही दिला होता.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी काश्मीरमध्ये कंपनी कमांडर होतो. माझ्याकडे सातारा जिल्ह्यातला एक नाईक होता. एका कारवाईनंतर तो रात्री ओरडत उठू लागला. बाकीचे जवान चेष्टा करायचे. मी त्याला बोलावून सांगितलं, “मर्दासारखा राहा, झालं ते विसरून जा, कामात डोकं घाल.” तो “जी साब” म्हणाला. आठवड्याभरात त्याचं ओरडणं बंद झालं. मला वाटलं, सल्ला लागू पडला. शिवाय तो स्वतःहून रात्रीचा पहारा मागून घ्यायचा, म्हणून मी त्याच्या अहवालात ‘उत्साही’ असं लिहिलं. तो झोप टाळण्यासाठी पहारा मागत होता, हे माझ्या लक्षात यायला काही वर्षं जावी लागली.

लक्षात आलं ते नीलगिरीत, वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजला असताना. तिथे मी डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या माणसाबद्दल वाचायला घेतलं ते वेगळ्याच कारणासाठी. १९०१-०२ मध्ये हा इंग्रज डॉक्टर नीलगिरीच्या तोडा लोकांमध्ये राहून अभ्यास करत होता, आणि १९०६ साली त्यानं त्यांच्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. तोडांची घरं, म्हशी, नातीगोती यांबद्दल वाचावं म्हणून मी सुरुवात केली आणि पोचलो स्कॉटलंडमधल्या एका लष्करी इस्पितळात.

पहिल्या महायुद्धात खंदकांतून परत येणाऱ्या सैनिकांना कंप सुटायचा, वाचा जायची, रात्री किंचाळत जाग यायची. १९१५ च्या फेब्रुवारीत चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहून ‘शेल शॉक’ हा शब्द छापात आणला. हे मायर्स रिव्हर्सचेच विद्यार्थी. तोफगोळ्याच्या धक्क्यानं मेंदूला काहीतरी होत असावं अशी आधी समजूत होती. पण मग गोळ्याच्या आसपासही नसलेल्यांना तोच त्रास होऊ लागला. १९१७ मध्ये लष्करानं हा शब्द वापरायलाच मनाई केली आणि कागदावर ‘नॉट येट डायग्नोज्ड, नर्व्हस’ असं लिहायला सांगितलं. सरकारी कागद कुठल्याही देशाचा असो, दुखण्यापेक्षा त्याच्या नावाची काळजी जास्त.

रिव्हर्स १९१६ पासून एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात होते. तिथे फक्त अधिकारी दाखल होत. कवी सिगफ्रीड ससून हा त्यांचा सगळ्यात प्रसिद्ध रुग्ण. त्या काळी अशा रुग्णांना सर्रास सांगितलं जाई की युद्धाचा विचारच करू नका, सुंदर गोष्टी आठवा, मन रमवा. नातेवाईक सांगत आणि डॉक्टरही सांगत. रिव्हर्सना दिसलं ते उलटंच. हे अधिकारी सगळी शक्ती लावून दिवसा आठवण दाबून ठेवत आणि रात्री ती दुप्पट जोरानं वर येई. काही जण झोपायलाच घाबरत. डिसेंबर १९१७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये त्यांनी यावर निबंध वाचला आणि १९१८ च्या फेब्रुवारीत तो ‘लॅन्सेट’मध्ये आला.

त्यातलं एक उदाहरण मला माझ्या नाईकाकडे घेऊन गेलं. एक तरुण अधिकारी आपल्या मित्राला शोधायला गेला आणि त्याला स्फोटात छिन्नविच्छिन्न झालेलं प्रेत सापडलं. रोज रात्री तोच मित्र त्याच अवस्थेत स्वप्नात येई. विसरायचा सल्ला त्यालाही मिळालेला होता. रिव्हर्सनी त्याला त्या प्रसंगाकडे पाहायला लावलं, आणि एक गोष्ट दाखवून दिली: शरीराची अशी अवस्था झाली याचा अर्थ मित्राला क्षणात मरण आलं, तो तळमळत पडला नाही. अधिकाऱ्याचा चेहरा उजळला. काही रात्री स्वप्न पडलंच नाही. मग एकदा पडलं, पण वेगळं. स्वप्नात तो प्रेताजवळ गुडघे टेकून बसला आणि मित्राच्या घरी पाठवायच्या वस्तू काढून घेऊ लागला. भीती नव्हती, दुःख होतं. सगळ्यांना असा उतार पडत नाही, हेही रिव्हर्सनी त्याच निबंधात प्रामाणिकपणे लिहिलं आहे.

इथे थोडं थांबून आपल्या माणसांची आठवण काढतो. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. मेसोपोटेमियात कुत या गावात त्या वेढ्यात अडकल्या आणि १४७ दिवसांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ ला त्यांना शरण जावं लागलं. मग तुर्कांच्या कैदेतली वाळवंटातली पायपीट. त्यातून वाचलेले सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीच्या गावांत परतले. त्यांच्यासाठी क्रेगलॉकहार्ट नव्हतं. आमच्या आजीकडे रात्री दचकणाऱ्यावर एकच इलाज होता: उशाखाली अडकित्ता आणि तोंडी रामरक्षा. मी हसत नाही. निदान त्यात एक गोष्ट बरोबर होती, दचकलेल्याजवळ कुणीतरी रात्री जागं राहून बसायचं.

पुढचं शास्त्र झटपट सांगतो. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतला एक टप्पा नोंदवला, ज्यात बंद पापण्यांखाली डोळे वेगानं हलतात. ठसठशीत स्वप्नं मुख्यतः याच टप्प्यात पडतात आणि हा टप्पा पहाटेकडे लांबत जातो. म्हणून आमच्या जतच्या मुलाला जाग साडेचारला येते. २००१ मध्ये बॅरी क्राकाऊ आणि सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ महिलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाईट स्वप्न दिवसा जागेपणी आठवायचं, त्यात हवा तो बदल करायचा आणि बदललेलं स्वप्न मनात रोज घोळवायचं. एवढ्यानं स्वप्नं कमी झाली, झोप सुधारली. रिव्हर्सच्या रुग्णाचं स्वप्न आपोआप बदललं होतं, इथे ते ठरवून बदलायला शिकवलं.

आता परत होसूर रोडवर येऊ. इलेक्ट्रॉनिक सिटी ही आर. के. बाळिगा यांची कल्पना. सत्तरच्या दशकात केऑनिक्सनं कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकरांवर ती उभी करायला घेतली. याच होसूर रोडवर शहराच्या बाजूला निम्हान्स आहे. १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली आणि १९७४ मध्ये तिच्यात जुनं मनोरुग्णालय विलीन होऊन आजचं निम्हान्स झालं. कित्येक वर्षं हा एक रस्ता दोन वेगळ्या कामांसाठी वापरला गेला: एका टोकाला माणसं कामाला येत, दुसऱ्या टोकाला उपचाराला जात. कोविडनंतर दोन्ही टोकं जोडली गेली. १० ऑक्टोबर २०२२ ला ‘टेली मानस’ ही देशव्यापी मोफत फोनसेवा सुरू झाली. तिचं मुख्य केंद्र निम्हान्स, आणि तांत्रिक बाजू सांभाळते इलेक्ट्रॉनिक सिटीतलीच ट्रिपल आयटी बेंगळुरू. नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं. १ डिसेंबर २०२३ ला फौजेसाठी याच सेवेचा खास कक्ष पुण्याच्या एएफएमसीत उघडला. माझ्या नाईकाच्या दृष्टीनं तीस वर्षं उशिरा.

खंदक आणि प्लेसमेंट सारखेच, असं मी म्हणणार नाही. जतच्या मुलावर कुणी गोळी झाडत नाही. पण चार वर्षांचं कर्ज, बापाची जमीन आणि वर्गमित्राला मिळालेलं पॅकेज हे सगळं उशाला घेऊन झोपणाऱ्याला ‘विसरून जा’ म्हणणं तितकंच निरुपयोगी आहे, एवढं मी स्वतःच्या चुकीवरून सांगू शकतो.

त्या पहाटे मी त्याला काही सल्ला दिला नाही. स्वप्न पुन्हा सांग म्हटलं, सावकाश. मग विचारलं, “मागे उभे असलेले बाबा बोलले, तर काय बोलतील?”

तो बराच वेळ कॉफीच्या ग्लासाकडे बघत राहिला. म्हणाला, “जेवलास का, एवढंच विचारतील.”

त्यानं दोन दिवसांनी १४४१६ लावला. त्यांनी त्याला डॉक्टरांकडे जायला सांगितलं आणि तो गेला. अजूनही कधीकधी पहाटे भेटतो, पण रोज नाही.

मी पलटणीच्या ग्रुपवरून नाईकाचा नंबर शोधला. सुभेदार होऊन निवृत्त झाला, आता गावी शेती करतो. तास-दीड तास बोललो. त्या कारवाईचा विषय मीच काढला आणि अहवालात काय लिहिलं होतं तेही सांगितलं. तो हसला. म्हणाला, “साहेब, पहारा अजून चालूच आहे. चारला उठून गोठ्यात जाऊन बसतो. पुढच्या वेळी त्याच वेळेला फोन करा, मी जागाच असतो.”